‘इन’ म्हणजे आत, की ‘इन’ म्हणजे नाही?

शहाडच्या रेल्वेपुलावर ज्याची रिक्षा कधी अडकली नाही असा गृहस्थ आमच्या भागात शोधूनही सापडायचा नाही. कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या गाड्या, उल्हासनगरकडून येणारे टेम्पो, कारखान्यांचे टँकर, शाळांच्या बस, सारे त्या पुलावर एकमेकांची विचारपूस करीत उभे असतात. गेल्या श्रावणातली गोष्ट. कॉलेजातले तास आटोपून मी कल्याणहून परतत होतो. वाटेत शाळेतून घेतलेली आमची कन्या शेजारी बसली होती. ती आठवीत आहे, म्हणजे जगातले सर्व काही ठाऊक असण्याच्या वयात आहे. रिक्षा पुलाच्या चढावर थांबली ती थांबलीच.

पुढे एक टँकर होता. त्याच्या पाठीवर तांबड्या अक्षरांत लिहिले होते, ‘हायली इन्फ्लेमेबल’. रिक्षावाल्याने कंटाळून कानामागची विडी काढली आणि तो काडेपेटीसाठी खिसे चाचपू लागला.

“अहो दादा, इथं नको,” मी म्हणालो.

“काही होत नाही हो बाबा,” कन्या म्हणाली. “लिहिलंय की इन्फ्लेमेबल म्हणून. इन म्हणजे नाही. करेक्ट, इनकरेक्ट. डिपेंडंट, इनडिपेंडंट. तसं फ्लेमेबल, इन्फ्लेमेबल. तो पेटतच नाही. आमच्या टीचरनी सगळा तक्ता पाठ करून घेतलाय.”

रिक्षावाल्याचा चेहरा खुलला. “पोरगी शिकलेली आहे, साहेब,” असे म्हणून त्याने काडेपेटी बाहेर काढली. ती मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. पुढची दहा मिनिटे आम्ही तिघेही एकमेकांशी बोललो नाही. मी मराठीचा प्राध्यापक. इंग्रजीशी माझे नाते लांबच्या मामाशी असावे तसे, लग्नकार्यात भेट होते इतकेच. त्यामुळे इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारे, हे मला ठाऊक होते. पण का, हे पुलावर उभ्या उभ्या सांगता येईना. आणि आठवीतल्या मुलीला ‘का’ सांगता आले नाही, तर ‘काय’वर तिचा विश्वास बसत नाही.

घरी आल्यावर कोश काढला. त्याचे असे आहे, की लॅटिन भाषेत ‘इन’ दोन होते. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. एक नकाराचा. तो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’च्या नात्यातला. ‘अनुचित’मधला अन्, इंग्रजी ‘अनहॅपी’तला अन आणि ‘इनकरेक्ट’मधला इन ही तिन्ही एकाच फार जुन्या पूर्वजाची नातवंडे. दुसरा ‘इन’ म्हणजे आत. इन्क्लूड म्हणजे आत घेणे. इन्स्पायर म्हणजे मुळात आत श्वास फुंकणे. आणि इन्फ्लेम म्हणजे ज्वाळेत घालणे, पेटवणे. टँकरवरचा इन हा या दुसऱ्या घराण्यातला. आमच्या कन्येच्या तक्त्यात मात्र एकाच घराण्याची वंशावळ होती.

“मग इम्पॉर्टंट?” तिने विचारले. तिला आता चेव चढला होता.

इम्पॉसिबलमधला इम् नकाराचा, इम्पॉर्टंटमधला आतला. इनव्हॅल्युएबलमध्ये इन नकाराचाच आहे, पण त्याचा अर्थ कवडीमोल नव्हे. ज्याचे मोल करताच येत नाही असे ते. इनफेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. इन्फंट म्हणजे तान्हे मूल. यातही नकारच आहे, कारण लॅटिनात त्याचा मूळ अर्थ ‘ज्याला बोलता येत नाही ते’. (आमच्या कन्येला या शब्दाखाली फारच थोडे महिने बसवता आले.) आणि इंच? त्यात आतही नाही आणि नाहीही नाही. ‘उन्सिया’, म्हणजे बारावा भाग, या लॅटिन शब्दापासून तो आला. फुटाचा बारावा भाग तो इंच. आणि त्याच उन्सियापासून औंसही निघाला. ‘इंडिया’तला इं तर आपल्या सिंधूचा. सिंधूचा इराणात हिंदू झाला, ग्रीसमध्ये ‘ह’ गळून इंदोस झाला, आणि साऱ्या मुलखाला इंडिया म्हणू लागले. फाळणीनंतर त्याच सिंधूकाठची माणसे निर्वासित होऊन कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आली, आणि 1949 साली त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. शहाड स्टेशनाबाहेर पापड आणि दालपकवान घ्यायला जातो, तेव्हा एका अर्थी आपण इंडियाच्या पहिल्या अक्षराकडेच जात असतो.

“इंग्रजी भाषाच येडी आहे,” कन्येने निकाल दिला.

तिची आई कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, “आणि अमूल्य म्हणजे फुकट का गं?”

या एका वाक्याने माझे काम सोपे केले. आपण इंग्रजीला हसतो, पण आपल्या घरातही तोच घोळ आहे. आपल्याला तो जाणवत नाही, कारण आपण मराठी तक्त्यावरून शिकत नाही, आईकडून शिकतो. अमूल्य हा तर इनव्हॅल्युएबलचा थेट मराठी अवतार. ‘वि’ हे अक्षर घ्या. विफल म्हणजे फळ नसलेले, विमल म्हणजे मळ नसलेले. मग विनम्र म्हणजे नम्रता नसलेला? तसे असते तर सत्काराच्या भाषणांची मोठी पंचाईत झाली असती. विख्यात, विशेष, विज्ञान यांतला ‘वि’ काही काढून घेत नाही, उलट भर घालतो. आणि ‘विधवा’ या शब्दाची कथा त्याहून चमत्कारिक. आम्हाला शाळेत फोड शिकवली होती: धव म्हणजे पती, वि म्हणजे नसलेली. पण तौलनिक भाषाशास्त्राने पाहिले तेव्हा लॅटिनमधली ‘विदुआ’, इंग्रजीतली ‘विडो’ आणि आपली विधवा या सख्ख्या बहिणी निघाल्या. म्हणजे शब्द मुळात अखंड होता. ‘वि’ दिसला म्हणून लोकांनी तो तोडला आणि उरलेल्या ‘धव’ला नवरा ठरवले! पाठोपाठ सधवाही तयार झाली. एका चुकीच्या फोडीतून नवरा जन्माला आल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

‘अ’चे तेच. असत्य, अशक्य, अज्ञान यांत तो नकार आहे. पण अक्कल या अरबी शब्दात नाही, अव्वलमध्ये नाही, अमीरमध्ये नाही. आणि ‘अफलातून’मध्ये तर साक्षात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो बसला आहे. अरबांनी त्याच्या नावाचा उच्चार अफलातून केला, आणि आपण त्या थोर पुरुषाचे नाव भेळेला आणि चौकाराला देऊन मोकळे झालो. ‘ना’ पाहा. नाराज, नापसंत, नालायक हे फारशी वळणाचे. त्यांच्याच रांगेत आपण ‘नापास’ बसवला, निम्मा फारशी आणि निम्मा इंग्रजी, आणि त्याचा अर्थ कुणा विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. पण आपल्या खाडीवरचा नाखवा? त्यातला ‘ना’ नकार नव्हे. फारशीतला तो नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. आणि ती नाव आपल्या संस्कृत ‘नौ’च्या नात्यातली.

सुरुवात सारखी म्हणून फसणे आम्हा शहाडकरांना तसे नवे नाही. कल्याणला लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा अंबरनाथवरून कर्जतकडे, दुसरा शहाड, अंबिवलीवरून कसाऱ्याकडे. आमचे सांगलीचे मेहुणे पहिल्यांदा आले, तेव्हा ‘शहाडच्या पुढचं स्टेशन अंबिवली’ एवढी खूण त्यांनी पक्की ध्यानात ठेवली होती. कल्याणच्या फलाटावर त्यांना ‘अंब’ एवढे ऐकू आले आणि ते गाडीत चढले. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला तो अंबरनाथहून. अजूनही ते रेल्वेचाच दोष मानतात.

शहाडच्या नावाचीच गंमत पाहू म्हणून मी कन्येला शब्दकोशातले ‘शहा’चे पान काढायला सांगितले. शहाणा, शहाजिरे, शहाळे, शहाबादी फरशी, शहामृग अशी वरातच निघाली. पहिल्या तिघांत शहाजिऱ्याला तेवढा राजघराण्याचा शहा लाभला आहे. शहाण्याचा शहाशी काही संबंध नाही, तो संस्कृतातल्या ‘सज्ञान’चा झिजलेला वंशज, झिजता झिजता त्याचे ज्ञान उडाले हे खरे. पण सर्वांत नाट्य शहामृगाचे. फारशीत या पक्ष्याला शुतुरमुर्ग म्हणतात. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. उंटासारखा पक्षी. मराठी कानाला शुतुर कळेना, म्हणून त्याचा शहा केला. आणि मुर्ग ऐकून आपल्याला मृग आठवला. उंटाचा राजा झाला आणि पक्ष्याचे हरीण झाले. बिचारा पक्षी आपला आहे तिथे आहे.

सरकारी मराठीने या खेळात चांगलाच रंग भरला. भाषा संचालनालयाने पदनाम कोश काढला, त्याला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. मला स्वतःला त्या कोशाविषयी आदर आहे. कुणीतरी बसून हे काम करणे भागच होते. पण ‘ईक्ष’ म्हणजे पाहणे या एका धातूला डोकी लावून आपण किती अधिकारी उभे केले ते पाहा: निरीक्षक, परीक्षक, अधीक्षक, पर्यवेक्षक. निरीक्षकातला ‘निर्’ हा निर्धनातला नव्हे, नाहीतर निरीक्षक म्हणजे न पाहणारा असा अर्थ झाला असता. (झाला असता, म्हणतो मी.) आणि त्याच ईक्षपासून अपेक्षा आणि उपेक्षा. अर्ज घेऊन खिडकीशी गेलेल्या माणसाला या दोन शब्दांतले अंतर किती कमी आहे, ते कोशात पाहावे लागत नाही.

असो. एवढे सारे झाल्यावर प्रकरण तिथेच मिटले असते. पण आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. संध्याकाळी ते जिन्याजवळ खुर्ची टाकून बसतात आणि कन्येची आणि त्यांची गट्टी आहे. तिने त्यांना टँकरची हकीकत मोठ्या चवीने सांगितली. बाबांनी काडेपेटी कशी ओढली त्याची नक्कलही केली. आजोबा हसतील असे मला वाटले होते. ते हसले नाहीत. उजव्या हाताचा पंजा उलटसुलट करून पाहत राहिले.

आजोबा मुरबाड तालुक्यातले. 1966 साली मॅट्रिक झाले. त्यांच्या वाडीतले पहिलेच. पुढच्या वर्षी ओळखीने या बाजूच्या एका कारखान्यात चिकटले. कारखान्याचे नाव त्यांनी सांगितले, मी लिहीत नाही. काम हमालीचेच, पण इंग्रजी अक्षरे लावता येतात म्हणून मुकादम त्यांना कौतुकाने मास्तर म्हणायचा. कोणत्या पिंपावर काय लिहिले आहे, ते त्यांनी वाचायचे आणि बाकीच्यांनी ती पिंपे हलवायची. मुकादम स्वतः अंगठेबहाद्दर.

“एका दुपारी भाकरी खाऊन मागच्या अंगणात पिंपांच्या सावलीला बसलो,” आजोबा म्हणाले. “पिंपावर लिहिलेलं, इन्फ्लेमेबल. मला शब्द नवा होता. पण आमच्या गुरुजींनी शिकवलेलं, इन म्हणजे नाही. आणि खाली खडूनं लिहिलेलं, एम्प्टी. म्हणजे एक तर हे पेटत नाही, आणि दुसरं म्हणजे आत काही नाहीच. दोन्हीकडून निर्धास्त. विडी तोंडात धरली, काडी काढली.”

काडी ओढण्याच्या आत मुकादमाचा हात आला. आधी हातावर, मग गालावर. काडेपेटी लांब जाऊन पडली. आजोबांच्या कानात संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत होती.

“मुकादम ओरडला, वास येत नाही का तुला? मी म्हटलं, अहो, वर लिहिलंय की. तर म्हणतो, लिहिलेलं मला कुठं कळतं. नाक आहे मला.” आजोबा थांबले. मग म्हणाले, “प्रोफेसर, मला वाचता येत होतं म्हणून मी मरणार होतो. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचलो.”

आजोबांनी हा श्लेष ठरवून केला असे मला वाटत नाही. पण मास्तरकीची खोड वाईट. मी घरी जाऊन तोही तपासला. पूर्वीच्या मराठी लेखनात ही दोन क्रियापदे वेगळी दिसत. पुस्तक वाचणे तसेच लिहीत, आणि जीव वांचणे हे ‘वां’वर अनुस्वार देऊन. तसेच पाण्यातली ती नाव आणि बारशाचे ते नांव. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली आले आणि न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना रजा मिळाली. मी या नियमांचा पुरस्कर्ता आहे. त्या ठिपक्यांपायी मुलांच्या दोन पिढ्यांनी मार खाल्ला आहे. पण तेव्हापासून मराठीत वाचणारा आणि वाचणारा हे दोघेही कागदावर अगदी एकसारखे दिसतात, हेही खरे.

आजोबांच्या पिंपाने मला दुसऱ्या एका माणसाची आठवण झाली. बेंजामिन ली व्होर्फ हे नाव भाषाशास्त्राच्या पुस्तकांत मोठ्या मानाने येते. पण हे गृहस्थ पोटासाठी भाषाशास्त्र करीत नव्हते. अमेरिकेत हार्टफर्ड येथील एका आगविमा कंपनीत 1919 पासून 1941 साली मृत्यू येईपर्यंत ते नोकरीला होते. आगी का लागतात ते तपासायचे, हे त्यांचे काम. तारा सदोष होत्या, हवा खेळती नव्हती, अशी कारणे ते शोधायला जात. आणि कित्येकदा कारण म्हणून समोर यायचा एक शब्द. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागत. ‘रिकामी’ अशी पाटी असलेल्या पिंपांजवळ मात्र खुशाल धूम्रपान करीत, थोटके टाकीत. वस्तुतः रिकाम्या पिंपातच धोका अधिक, कारण द्रव संपला तरी त्याची वाफ आत कोंडलेली असते, आणि हवेत मिसळलेली ती वाफ ठिणगी पडताच भडकते. पण रिकामे म्हणजे काही नाही, आणि काही नाही म्हणजे भय नाही, असे मन हिशेब करते. मुरबाडच्या वाडीतल्या मुलाने तोच हिशेब केला होता.

इन्फ्लेमेबलचा घोळ इंग्रजांना आणि अमेरिकनांना कळला नव्हता असे नाही. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने 1920 नंतरच्या दशकातच ‘इन’ काढून नुसते फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. ब्रिटनच्या मानक संस्थेने 1959 साली तेच धोरण स्वीकारले. वैयाकरणी कुरकुरले असतील. इन्फ्लेमेबल हाच जुना आणि शिष्ट शब्द होता. पण आगीपुढे व्याकरणाने माघार घेतली, आणि मला वाटते, योग्य केले. आता तर घातक रसायनांच्या डब्यांवर तांबड्या चौकटीत ज्वाळेचे चित्रच असते. आमच्या रस्त्यांवरच्या टँकरांवर मात्र जुना ‘इन’ अजून दिमाखाने मिरवतो आहे. टँकर रंगवणारा रंगारी शब्दकोश पाहून अक्षरे काढत नाही. मागच्या टँकरवरून पुढचा उतरवतो.

“मराठीत काय लिहितात?” आजोबांनी विचारले.

“ज्वलनशील,” मी म्हणालो. “पुस्तकांत ज्वालाग्राही असंही येतं.”

“शील म्हणजे चारित्र्य ना?” कन्या म्हणाली. “ज्वलनशील म्हणजे जळकं चारित्र्य?”

शील म्हणजे स्वभाव, पेटणे हा ज्याचा स्वभाव तो ज्वलनशील, असे मी समजावून सांगितले. सहनशील, प्रयत्नशील यांचे दाखले दिले. शब्द चांगला आहे, घडण निर्दोष आहे. आजोबांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “पेटेल, असं लिहा की.”

यंदा दिवाळीच्या आधी आकाशकंदिलाचा सांगाडा रंगवायला मी थिनरची बाटली आणली. काम झाल्यावर ती तळाशी बोटभर उरली होती, म्हणून सवयीने गॅलरीत पणत्यांच्या टोपलीशेजारी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो बाटली तिथे नव्हती. माळ्यावर उंच ठेवलेली सापडली. तिच्यावर वहीचा कागद डकवला होता, आणि त्यावर आमच्या कन्येच्या अक्षरात लिहिले होते: ‘पेटेल. रिकामी झाली तरी पेटेल.’